झोपेत कापलेले चारशे किलोमीटर

पेडणे स्टेशनच्या फलाटावर उभा असताना ती गाडी पहिल्यांदा समोरून गेली, तेव्हा डबे मोजायची माझी लहानपणची सवय तिथेच बंद पडली. कारण डबे नव्हतेच. नुसत्या सपाट वाघिणी होत्या, आणि प्रत्येक वाघिणीवर ताडपत्री बांधलेला, भरलेला ट्रक उभा होता. मागे "हॉर्न ओके प्लीज", बंपरला लिंबू-मिरची, आरशाला वाळत घातलेला टॉवेल. एका केबिनमध्ये ड्रायव्हर डॅशबोर्डवर पाय टाकून आडवा झालेला. पुढच्यात क्लीनर स्टीलच्या डब्यातून काहीतरी खात होता. इंजिने बंद, स्टीअरिंग मोकळे, आणि ट्रक साठ-सत्तरच्या वेगाने दक्षिणेकडे निघालेले.

तिला सगळे रोरो म्हणतात. रोल ऑन, रोल ऑफ. म्हणजे ट्रक स्वतःच्या चाकांवर गाडीत चढतो आणि स्वतःच्या चाकांवर उतरतो. कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी सुरू झाला आणि बरोबर वर्षाने, २६ जानेवारी १९९९ रोजी, रायगड जिल्ह्यातल्या कोलाडपासून गोव्यातल्या वेर्ण्यापर्यंत पहिली रोरो धावली. पुढे ती कर्नाटकातल्या सुरतकलपर्यंत गेली. भारतीय रेल्वेच्या नकाशावर असे काही आधी कुणी नियमित चालवले नव्हते.

चढवण्याची रीत बघण्यासारखी आहे. रुळाच्या शेवटच्या टोकाला काँक्रीटचा उतार, म्हणजे रॅम्प. पहिला ट्रक त्यावरून शेवटच्या वाघिणीवर येतो आणि थांबत नाही. एका वाघिणीवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर, असा सगळ्या गाडीच्या पाठीवरून चालत पार इंजिनाजवळ पोचतो. मधल्या फटींवर लोखंडी पत्रे टाकलेले असतात. दोन्ही बाजूंना चाकाच्या कडेला उरलेली जागा वीतभर. घाटातली वळणे डोळे मिटून घेणारे ड्रायव्हरही इथे खिडकीतून डोके बाहेर काढून, दुसऱ्या माणसाच्या हातवाऱ्यावर, मुंगीच्या चालीने जातात. मग हँडब्रेक, गिअर, चाकांखाली पाचरी, साखळ्या. चढण्याआधी ट्रकची उंची मापात आहे का ते पाहिले जाते, कारण २०२२ मध्ये या मार्गाचे विद्युतीकरण पूर्ण झाले आणि आता डोक्यावर २५ हजार व्होल्टची तार आहे. ताडपत्री सैल झाली म्हणून प्रवासात टपावर चढायचे नाही, ही तिथली पहिली सूचना.

एक गोष्ट मात्र मनात राहिली. २०२५ च्या गणपतीच्या सुमाराला कोलाड–वेर्णा रोरो खासगी मोटारींसाठीही सुरू झाली. तेव्हा मोटारीतल्या माणसांना बसायला वेगळे डबे जोडले गेले. ट्रकवाला मात्र आपल्या केबिनमध्येच बसून जातो. तीच त्याची बर्थ, तेच त्याचे घर.

रेल्वेने ट्रक वाहायचा, म्हणजे वाघिणीचे ओझे आणखी वर. यात फायदा कसला, हा प्रश्न मलाही पडला होता. उत्तर चाकात आहे. रबरी टायर रस्त्यावर टेकतो तेव्हा तो थोडा दबतो. फिरताना तो दबलेला भाग सतत पुढे सरकत राहतो आणि प्रत्येक वेळी थोडी ताकद उष्णता होऊन जाते. लांबच्या प्रवासानंतर टायरला हात लावून पाहा, तो गरम असतो. लोखंडी चाक लोखंडी रुळावर जेमतेम नखाएवढ्या जागेत टेकते आणि दबत जवळजवळ नाहीच. पंचवीस टनांचा ट्रक सपाट रस्त्यावर संथपणे चालता ठेवायला साधारण पावणेदोनशे किलो वजनाएवढी ओढ लागते. तोच ट्रक चोवीस टनांच्या वाघिणीवर ठेवला, वजन जवळजवळ दुप्पट झाले, तरी रुळावर ही ओढ पाऊणशे किलोच्या आसपास येते. ओझे दुप्पट आणि कष्ट निम्म्याहून कमी! शिवाय कोकण रेल्वे बांधताना चढ जास्तीत जास्त १५० मीटरला एक मीटर एवढाच ठेवला. त्यासाठी डोंगर फोडून नव्वदहून जास्त बोगदे काढावे लागले. रस्त्याने येणाऱ्या ट्रकला मात्र परशुरामसारखा एकेक घाट पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत चढायचा असतो.

पण मला सगळ्यात नवल वाटले ते डॅशबोर्डवरच्या किलोमीटरच्या काट्याचे. ट्रकने कोलाड ते वेर्णा चारशे किलोमीटरहून जास्त अंतर कापलेले असते, आणि काटा जिथल्या तिथे. चाक फिरलेच नाही, तर तो तरी काय मोजणार?

ड्रायव्हरचा पगार कशावर मोजायचा, हा सगळा प्रश्न त्या काट्यात आहे.

आपल्याकडे मालवाहतुकीत पैसे देण्याच्या तऱ्हा अनेक. कुठे महिन्याचा पगार आणि वर भत्ता. कुठे ट्रिपवर हिशेब. कुठे किलोमीटरवर. लांब पल्ल्याला निघताना मालक "खर्ची" देतो, म्हणजे डिझेल, जेवण, टायरचे पंक्चर, हमाली यासाठीची रक्कम, आणि तिच्यातून वाचेल ते ड्रायव्हरचे. डिझेलचे ॲव्हरेज चांगले काढले तर त्यातही चार पैसे सुटतात. पूर्वी टोलही रोखीत जायचा. २०२१ च्या फेब्रुवारीपासून फास्टॅग सक्तीचा झाला आणि ती रोकड हातातून गेली. महिन्याचा पगार सोडला तर या तऱ्हांमध्ये एक धागा समान आहे: चाक फिरते तेव्हा पैसा, थांबते तेव्हा नाही. माल उतरवायला गोदामापुढे दोन दिवस रांगेत उभे राहिलात तर ते दिवस कुणाच्याच वहीत नसतात. अमेरिकेतही लांब पल्ल्याच्या ड्रायव्हरला बहुधा मैलावर पैसे मिळतात, आणि १९३८ च्या तिथल्या मजुरीच्या कायद्याने जादा तासांच्या दीडपट हिशेबातून ट्रकवाल्यांना बाहेर ठेवले आहे. पृथ्वीच्या दोन्ही टोकांना थांबलेल्या चाकाची किंमत शून्य!

याचा अर्थ काय होतो, ते गोव्याच्या खाणपट्ट्यातल्या डिचोलीने जितके पाहिले तितके क्वचित कुणी पाहिले असेल.

डिचोलीचा टिपर, म्हणजे खनिज वाहणारा ट्रक, ज्यांनी जवळून पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. खाणीतून निघालेला टिपर बघितला की वाटते, अर्धा रिकामाच आहे. हौद्याच्या तळाला तांबड्या मातीचा लहानसा ढीग. तो ढीग दहा टनांचा असतो. लोहखनिज पाण्याच्या दुपटीहून जड. दहा टन खनिज चार-साडेचार घनमीटरांत मावते. वाळूवाल्याच्या डोळ्याला जो हौदा रिकामा दिसतो, तो खाणवाल्याच्या हिशेबी काठोकाठ भरलेला असतो. हा टिपर खाणीतून निघून सारमानस, आमोणे अशा मांडवीकाठच्या धक्क्यांवर जातो, तिथे खनिज बार्जमध्ये पडते, आणि बार्ज नदीतून मुरगाव बंदराला. दोन हजार टनांची बार्ज भरायला दोनशे टिपर लागतात. मुरगावच्या समुद्रात उभे असलेले सत्तर हजार टनांचे जहाज भरायला सात हजार. पावसाळ्यात आग्वादच्या तोंडाशी वाळूचा पट्टा धोक्याचा होतो, म्हणून बार्ज कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीत वळायच्या. खाणींतले खोदकामही थांबायचे. म्हणजे टिपरवाल्याचे वर्ष आठ महिन्यांचे.

२०१०-११ मध्ये गोव्यातून पाच कोटी टनांहून जास्त खनिज परदेशी गेले. सगळेच टिपरने गेले असे नाही, काही कर्नाटकातून रेल्वेनेही आले होते. तरी दहा-दहा टनांनी भागून बघा आणि डिचोली-साखळीच्या रस्त्यांचे काय झाले असेल याची कल्पना करा. पैसे खेपेवर. ट्रक अनेकदा गावातल्याच कुणाचा, कर्ज काढून घेतलेला. अंतर पाच-दहा-पंधरा किलोमीटर. मग दिवसाची कमाई वाढवायचा एकच मार्ग: आणखी एक खेप. आणखी एक खेप म्हणजे आणखी जोरात. शाळेच्या वेळा, धूळ, ताडपत्री न टाकता धावणारे टिपर, रस्त्याकडेला लाल झालेली झाडे हे सगळे त्या एका हिशेबातून आलेले होते. ड्रायव्हर वाईट नव्हते. त्यांना दिलेली मोजपट्टी वाईट होती.

पण त्या नोकरीत एक गोष्ट सोन्यासारखी होती, आणि ती कुणी पगारात धरली नाही. टिपरचा ड्रायव्हर रोज रात्री घरी जेवायचा. मुलाचा अभ्यास बघायचा, चतुर्थीची माटोळी बांधायचा, जत्रेला उभा असायचा. जगभरात ट्रक चालवणारा माणूस ज्याच्यासाठी तळमळतो ते त्याला फुकट मिळत होते. अमेरिकेत नव्या ड्रायव्हरला नोकरी सांगताना कंपन्या पगाराच्या बरोबरीने "घरी किती दिवस" हे सांगतात. बाहेर काढलेल्या प्रत्येक आठवड्यामागे घरी साधारण एक दिवस, असा तिथला रिवाज. म्हणजे सहा-सात दिवस रस्त्यावर आणि एक दिवस बायकापोरांत.

सप्टेंबर २०१२ मध्ये बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल आला, राज्याने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. २०१४ मध्ये वर्षाला दोन कोटी टनांच्या मर्यादेसह ती उठली. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि मार्चच्या मध्यापासून पुन्हा सगळे ठप्प. अंगणात टिपर उभे राहिले, टायरांभोवती गवत वाढले. अनेकांनी ते विकले. काहीजण लाइनवर गेले, म्हणजे लांब पल्ल्यावर. २०२२ च्या शेवटी खाणपट्ट्यांचे लिलाव झाले, त्यात डिचोलीचा पट्टा होता, आणि २०२४ मध्ये तिथे पुन्हा काम सुरू झाले. पण पूर्वीची ती गर्दी परतलेली नाही. डिचोलीचा नवा ड्रायव्हर आज टिपरपेक्षा ट्रेलरचा विचार जास्त करतो.

ट्रेलर, त्यातही सपाट ट्रेलर, ही वेगळीच विद्या. टिपरला बाजू असतात, कंटेनरला भिंती असतात. सपाट ट्रेलरला फक्त जमीन असते. माल जागेवर राहतो तो तुम्ही बांधल्यामुळे. पोलादी पत्र्याची गुंडाळी, म्हणजे कॉइल, वीस टनांची. दिसायला तीन-चार माणसांच्या मिठीत मावेल एवढीच. आता ट्रेलरने जोराचा ब्रेक मारला. ट्रेलर थांबतो, कॉइलला कुणी ब्रेक मारलेला नाही, तिला पुढेच जायचे असते. पुढे कोण आहे? केबिन.

जगभरच्या नियमांत यासाठी एक आकडा धरला आहे: माल आपल्या वजनाच्या आठ-दशांश एवढ्या जोराने पुढे ढकलला जाईल असे गृहीत धरून बांधा, आणि बाजूला निम्म्या वजनाच्या जोराने. वीस टनांची कॉइल असेल तर पुढचा धक्का सोळा टनांचा. खालच्या लाकडाशी होणाऱ्या घर्षणाने फार तर सात-आठ टन अडतात. उरलेले आठ-नऊ टन साखळ्यांनी आणि लाकडी गुटक्यांनी तोलायचे. यात आणखी एक गंमत. साखळी उभी, सरळ खाली ताणली तर ती मालाला जमिनीवर दाबते आणि घर्षण वाढते. आडवी पसरली तर दाब कमी होतो, पण पुढे सरकायला थेट अडवते. म्हणून जाणता ड्रायव्हर दोन्ही तऱ्हेच्या साखळ्या घालतो, आणि पंधरा-वीस किलोमीटर गेल्यावर गाडी बाजूला घेऊन सगळ्या पुन्हा आवळतो. पहिल्या धक्क्यांनी माल बसतो, साखळी ढिली होते. तो थांबणारा ड्रायव्हर वेळ घालवत नसतो. तो काम करत असतो. किलोमीटरवर पैसे मिळत असतील तर त्या थांब्याचे त्याला शून्य मिळतात, आणि जो थांबत नाही त्याला पुढची खेप मिळते.

रोरोवर चढल्यावर ट्रक स्वतःच माल होतो, आणि तिथे हे गणित अचानक सौम्य होते. लोखंडावर लोखंड, मालगाडी ट्रकसारखी जोरात थांबूच शकत नाही. तिचा ब्रेक ट्रकच्या ब्रेकपेक्षा कितीतरी कमी जोराचा असतो. म्हणून चार पाचरी आणि थोड्या साखळ्यांवर पंचवीस टनांचा ट्रक मुकाट्याने जातो. रस्त्यावर जी घसरण भीतीची, तीच रुळावर पाळणा होते.

कायद्याने थांबलेल्या चाकाची दखल घेतलेली आहे, हेही सांगितले पाहिजे. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने ड्रायव्हरसाठी दिवसाला आठ तास आणि आठवड्याला ४८ तास ठरवले. सलग पाच तासांवर किमान अर्धा तास विश्रांती. आठवड्यातून एक सुट्टी. जादा कामाला दुप्पट मजुरी. तो कायदा आता २०२० च्या कामगार संहितेत सामावला आहे. पण १९६१ चा कायदा पाच किंवा जास्त कामगार असलेल्या मालकालाच लागू होता, आणि आपल्याकडे एक-दोन ट्रकांचे मालक किती ते हायवेवरच्या कुठल्याही ढाब्यावर कळते. गंमत म्हणजे माणसाच्या विश्रांतीपेक्षा मालाच्या कागदाला वेळेची जाण जास्त आहे. ई-वे बिल दर २०० किलोमीटरला एक दिवस या हिशेबाने चालते. आणि मापाबाहेरचा अवजड माल सपाट ट्रेलरवर असेल तर दर २० किलोमीटरला एक दिवस! म्हणजे सरकारलाही ठाऊक आहे की असा माल हळूच जातो.

नव्याने स्टीअरिंग धरू पाहणाऱ्यांसाठी दोन-चार गोष्टी. मालवाहू गाडीच्या लायसन्ससाठी वय वीस पूर्ण हवे आणि हलक्या वाहनाचे लायसन्स किमान वर्षभर जुने. आठवी पासची अट २०१९ मध्ये काढली गेली. २०१८ पासून तीन आसांच्या ट्रकला एकूण वजन २५ वरून साडेअठ्ठावीस टनांपर्यंत न्यायला परवानगी आहे, म्हणून जुन्या ट्रकवर शिकलेल्याने नव्याचे ब्रेक अंतर नव्याने शिकावे. आणि २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम व जड मालट्रकांच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे आहे. एप्रिलमध्ये दुपारी गोव्याच्या सीमेवर पत्रादेवीजवळ उभ्या ट्रकच्या केबिनमध्ये पाच मिनिटे बसून पाहिले आहे का? मग याला चैन म्हणणार नाही.

पेडण्याच्या बाबतीत एक गोष्ट मला सतत आठवत राहते. वेर्ण्याला जाणारी रोरो मडुरे स्टेशननंतर पेडण्याच्या बोगद्यातून गोव्यात शिरते. हा बोगदा दीड किलोमीटरचा; कोकण रेल्वेत याहून कितीतरी लांब बोगदे आहेत, रत्नागिरीजवळचा करबुडे साडेसहा किलोमीटरचा आहे. पण बांधताना सगळ्यात जास्त त्रास या लहान बोगद्याने दिला. कारण इथे खडक नाही, ओली, मऊ चिकणमाती आहे. खोदावे तशी ती आत सरकायची. ऑगस्ट २०२० मध्ये त्याच्या भिंतीचा भाग कोसळला आणि गाड्या पुणे-मिरज-लोंढा मार्गे वळवाव्या लागल्या. जुलै २०२४ मध्ये रुळांखालून पाणी आणि चिखल वर आला आणि पुन्हा सगळे थांबले. त्या दोन्ही वेळा रस्त्यावरचा ट्रक मात्र चालू होता, ड्रायव्हर जागा होता.

बोगदा संपला की उजेड, माड, पेडणे स्टेशन. ट्रकचा ड्रायव्हर पेडण्याचाच असेल तर केबिनच्या काचेतून त्याला आपल्या गावची वाट दिसते. उतरता येत नाही. गाडी थिवी, मांडवी, करमळी, जुवारी करत वेर्ण्याला थांबणार, आणि तिथून ट्रक पुढे. घर पाच किलोमीटरवरून निघून जाते. पण तो जागा होऊन ते बघतो, कारण रात्रभर झोपलेला असतो. हायवेवरून आला असता तर त्याच रात्री परशुराम घाटाच्या अलीकडे डोळे चोळत, तिसरा चहा घेत, पुढच्या ट्रकच्या मागच्या लाल दिव्यावर नजर रोखून बसला असता.

ही झोप मालकाला परवडते, कारण डिझेल वाचते, टायर वाचतात, घाट वाचतो. रेल्वेला परवडते. रस्त्याला तर परवडतेच. प्रश्न एवढाच, की काटा न हललेल्या त्या चारशे किलोमीटरचे ड्रायव्हरला काय मिळते. खेपेवर पैसे असतील तर पूर्ण मिळतात. किलोमीटरवर असतील तर कदाचित काहीच नाही, आणि मग तोच ड्रायव्हर रोरो नको, रस्ता बरा म्हणेल.

म्हणून पेडण्या-डिचोलीच्या ज्या मुलाला यंदा कुणी ट्रकची नोकरी देऊ करील, त्याने महिन्याचा आकडा विचारल्यावर आणखी एक प्रश्न जरूर विचारावा: गाडी उभी असते त्या वेळेचा हिशेब कसा धरता? रोरोवरची रात्र, गोदामापुढची रांग, साखळ्या आवळायचा थांबा, आणि घरी जायचा दिवस. जो मालक याचे उत्तर कागदावर लिहून देईल, त्याच्याकडे जा.